लेझर की इलेक्ट्रोलिसिस? नको असलेल्या केसांवर उपचार घेताना

नको असलेले केस दीर्घकाळासाठी घालवण्याच्या दोन पद्धती वापरात आहेत. लेझरमध्ये प्रकाशाच्या उष्णतेने केसाचे मूळ दुबळे होते. इलेक्ट्रोलिसिसमध्ये बारीक सुईतून वीज सोडून एकेक मूळ जाळले जाते. थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा केस काढायचे क्रीम यांनी केस पुन्हा उगवण्याची क्षमता जात नाही, म्हणून केस परत येतात. लेझरची सोय आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचू लागली आहे. किती सिटिंग लागतील, केस खरेच कायमचे जातील का, सावळ्या त्वचेला लेझर सोसेल का आणि काही बिघडले तर दाद कोठे मागायची, हे प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरे चार गोष्टींवर ठरतात: केस वाढण्याचे कारण, केसाचा रंग, त्वचेचा रंग आणि मशीन चालवणारा हात. पैसे भरण्याआधी या चारही गोष्टी तपासून घ्याव्यात.

आधी कारण शोधा

हातापायांवर किंवा ओठावर थोडी लव असणे हा आजार नाही. पुष्कळदा ती घराण्यातच असते. हनुवटी, कल्ले, छाती, बेंबीखालचा भाग अशा जागी बाईला जाड, काळे केस येऊ लागले, तर त्याला वैद्यकात हर्सुटिझम म्हणतात. त्याचे सर्वांत नेहमीचे कारण पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड. पुढीलपैकी काही आढळत असेल, तर लेझरच्या आधी डॉक्टरांकडे जा:

- पाळी दोन-दोन महिने लांबते किंवा वर्षात फार थोड्या वेळा येते.
- केसांबरोबर मुरुमे, वजनवाढ किंवा मानेवर काळपट जाडसर पट्टा दिसतो.
- केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा टाळूवरचे केस विरळ झाले. अशा वेळी तपासणी लगेच करून घ्यावी.
- एखादे नवे औषध, विशेषतः स्टेरॉइड, सुरू झाल्यावर केस वाढले.

डॉक्टर साधारणपणे टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि साखर यांच्या रक्ततपासण्या व गरजेप्रमाणे सोनोग्राफी सांगतात. त्यासाठी बारामती-इंदापूर भागातल्यांनी थेट पुणे गाठण्याची गरज नाही. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग आणि स्त्रीरोग या दोन्ही विभागांची ओपीडी असते. इंदापूरकरांनी सुरुवात उपजिल्हा रुग्णालयापासून केली तरी चालते.

संप्रेरकांच्या गोळ्यांचा केसांवरचा परिणाम दिसायला साधारण सहा महिने लागतात. गोळ्या नव्या केसांची वाढ मंदावतात. आधीच जाड झालेला केस त्यांनी गळून पडत नाही. म्हणून औषध आणि लेझर बहुधा जोडीने चालतात. यांतली काही औषधे गरोदरपणात चालत नाहीत, तेव्हा मूल होऊ देण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. मूळ बिघाड तसाच ठेवून नुसते लेझर केले, तर झोपलेली मुळे पुन्हा जागी होतात आणि पैसे वाया गेल्यासारखे वाटते.

कोणाला काय लागू पडते

लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्यात, म्हणजे मेलॅनिनमध्ये, शोषला जातो आणि तिथे उष्णता तयार होते. रंगच नसेल तर प्रकाशाला धरायला काही उरत नाही. निवड यावरूनच होते:

- काळे, जाड केस आणि मोठा भाग (पाय, काखा, पाठ, बिकिनी भाग): लेझर.
- पिकलेले, पांढरे किंवा सोनेरी केस: लेझरचा उपयोग जवळजवळ नाही, इलेक्ट्रोलिसिस.
- हनुवटीवरचे मोजके राठ केस: दोन्ही चालतात, संख्या थोडी असेल तर इलेक्ट्रोलिसिस सोयीचे.
- गालावरची बारीक लव: लेझर टाळलेलेच बरे. फायदा कमी, आणि कधी कधी केस उलट वाढतात.
- लेझर पूर्ण होऊन उरलेले थोडे केस: इलेक्ट्रोलिसिस.

अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए लेझरसाठी ‘केसांत कायमस्वरूपी घट’ एवढाच दावा मान्य करते. ‘कायमचे केस काढणे’ हा दावा इलेक्ट्रोलिसिसलाच आहे. लेझरनंतर केस कमी होतात, बारीक होतात, हळू वाढतात. पण वर्षा-दोन वर्षांनी एखाददुसरे सिटिंग पुन्हा लागू शकते, विशेषतः चेहऱ्यावर.

पुरुषही हे उपचार घेतात. दाढीचे केस आत वळून वारंवार फोड येत असतील, तर त्यावर लेझर उपयोगी ठरते. माकडहाडापाशी केस आत शिरून पू होणारा पायलोनायडल सायनस तासन्‌तास बसून गाडी चालवणाऱ्यांत अधिक दिसतो. तो पुन्हा होऊ नये म्हणूनही सर्जन कधी कधी लेझर सुचवतात.

सावळी त्वचा आणि मशीनची निवड

त्वचेच्या रंगाची वैद्यकीय मोजणी एक ते सहा अशा प्रकारांत होते. भारतीयांची त्वचा बहुधा चौथ्या-पाचव्या प्रकारात बसते. मेलॅनिन केसात असते तसेच त्वचेतही असते. त्वचा जितकी काळी, तितकी ती स्वतःच उष्णता शोषून भाजण्याची शक्यता जास्त. लेझरची तरंगलांबी जितकी मोठी, तितका प्रकाश खोल जातो आणि वरच्या त्वचेला कमी त्रास होतो.

- एनडी-याग, १०६४ नॅनोमीटर: गडद त्वचेला सर्वांत सुरक्षित. बारीक केसांवर जोर कमी पडतो.
- डायोड, ८०० ते ८१० नॅनोमीटर: भारतात सर्रास वापरले जाते. सावळ्या त्वचेला चालते. मात्र जोर बेताचा आणि थंडावा चांगला हवा.
- अलेक्झांड्राइट, ७५५ नॅनोमीटर: उजळ त्वचेला उत्तम, गडद त्वचेला जपून.
- आयपीएल: हे लेझर नव्हे, अनेक तरंगलांबींचा एकत्र झोत असतो. सावळ्या त्वचेवर भाजण्याचा धोका यात जास्त. घरी वापरायची बहुतेक यंत्रे याच प्रकारची असतात. त्यांच्या डब्यावर त्वचेच्या रंगाचा तक्ता असतो. त्यात आपला रंग बसत नसेल तर यंत्र घेऊ नका.

लेझरच्या आधीची तयारी

- सिटिंगच्या आधी ४ ते ६ आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा बंद ठेवा. मूळच उपटले गेले तर लेझरला लक्ष्य राहत नाही. रेझर किंवा ट्रिमर चालतो. रेझरने केस दाट होतात हा समज खोटा आहे. कापलेले टोक बोथट असल्याने ते फक्त राठ लागते.
- आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी भाग साफ शेव्ह करा.
- उन्हाने रापलेल्या त्वचेवर लेझर घेऊ नका. ऊसतोड, द्राक्ष-डाळिंबाच्या बागा, दुचाकीवरून रोजची ये-जा यांत चेहरा आणि हात रापतातच. ज्यांचे काम उन्हातले आहे त्यांनी पावसाळा-हिवाळ्यातले महिने निवडावेत, टोपी-ओढणी आणि किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन वापरावे. तुकोबांच्या पालखीबरोबर बारामती, सणसर, इंदापूर असा टप्पा चालणाऱ्यांनी त्याच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे मोकळे ठेवावेत.
- ब्लीच आणि तीव्र फेशियल आठवडाभर आधी थांबवा.
- चालू औषधांची यादी दाखवा. मुरुमांसाठीच्या डॉक्सिसायक्लिन आणि आयसोट्रेटिनॉइनचा उल्लेख आवर्जून करा.
- ओठाभोवती वारंवार नागीण उठत असेल, जखमेचे व्रण फुगत असतील, अंगावर कोड वाढत असेल, तर आधी सांगा.
- गरोदरपणात उपचार पुढे ढकला.
- गोंदण, टॅटू, मोठे तीळ यांवर लेझर मारू देऊ नका. गोंदणाची शाई उष्णता शोषते आणि तिथेच भाजते. हनुवटीवर किंवा कपाळावर हिरवे गोंदण असलेल्या बायकांनी हे लक्षात ठेवावे. गोंदण पांढऱ्या पट्टीने झाकून घ्यावे किंवा तो भाग सोडायला सांगावा.

सिटिंगच्या दिवशी काय होते

पहिल्या भेटीत छोट्या जागेवर चाचणी घ्यावी. चाचणीचा परिणाम दिसायला दोन दिवस तरी द्यावेत. ‘आजच चाचणी, आजच पूर्ण सिटिंग’ हा आग्रह मान्य करू नये. प्रत्यक्ष उपचारात डोळ्यांवर जाड संरक्षक चष्मा किंवा धातूची झाकणे हवीतच. खोलीतल्या प्रत्येकाने चष्मा घातलेला असावा. पापणीवर आणि भुवईच्या खालच्या बाजूला लेझर मारत नाहीत, कारण प्रकाश थेट डोळ्यात जाऊ शकतो.

त्वचेवर जेल लावतात किंवा मशीनचे थंड टोक टेकवतात आणि एकामागून एक शॉट देतात. प्रत्येक शॉटला फोडणीतली मोहरी हातावर उडावी तसा क्षणभराचा चटका बसतो. ओठ आणि बिकिनी भाग जास्त दुखतात. किंचित करपल्याचा वास येणे स्वाभाविक आहे. चटका क्षणात विरायला हवा. जळजळ टिकून राहिली तर लगेच थांबवायला सांगा. ‘थोडे सोसा, म्हणजे केस जातील’ हे ऐकू नका. त्याच वेळी जोर कमी करता येतो.

ओठाला पाच-दहा मिनिटे पुरतात, दोन्ही पायांना तास लागू शकतो. सुन्न करणारे क्रीम थोड्याच भागावर आणि सांगितले तेवढेच लावावे. दोन्ही पायांना घरून ते चोपडून, वर प्लास्टिक गुंडाळून येणे धोक्याचे आहे. औषध रक्तात उतरून झटके येऊ शकतात आणि हृदयाची लय बिघडू शकते.

उपचारानंतर कार्डावर मशीनचे नाव, तरंगलांबी, वापरलेली ऊर्जा आणि तारीख लिहून घ्या. पुढे डॉक्टर बदलावा लागला किंवा तक्रार करावी लागली तर हे कार्ड कामी येते.

पुढचे काही दिवस

केसांच्या मुळाशी लालसर, बारीक फुगवटे येणे ही चांगली खूण आहे. ती काही तासांत, फार तर दोन दिवसांत जाते. एक ते तीन आठवड्यांत जळलेले केस वर येऊन गळतात. ती नवी वाढ नसते. ते उपटू नका.

- थंड ओल्या कापडाने शेका. साधे मॉइश्चरायझर लावा.
- दोन दिवस कढत पाण्याने आंघोळ, वाफ आणि घाम काढणारा व्यायाम टाळा.
- हळद, लिंबू, बेसन, उटणे आठवडाभर लांब ठेवा. हळदी समारंभ आणि सिटिंग एकाच आठवड्यात आणू नका.
- दिवसा बाहेर पडताना सनस्क्रीन लावा आणि चेहरा झाका.
- दोन सिटिंगच्या मध्ये वाढलेले केस फक्त रेझर किंवा ट्रिमरने काढा.

फोड आले तर फोडू नका. टूथपेस्ट किंवा हळद लावू नका. गार पाणी सोडा, फोटो काढून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

किती सिटिंग, किती महिने

सर्व केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात आणि लेझर वाढत्या केसावरच नीट लागू पडते. म्हणून सिटिंगमध्ये अंतर ठेवावे लागते: चेहऱ्याला साधारण ४ ते ६ आठवडे, अंगाला ६ ते ८ किंवा अधिक. अंतर कमी करून काम लवकर होत नाही. साधारण ६ ते ८ सिटिंग लागतात. पीसीओएस असेल तर चेहऱ्याला त्याहून जास्त.

लग्नासाठी उपचार घ्यायचा असेल तर हिशेब उलटा मांडावा. सहा आठवड्यांच्या अंतराने सहा सिटिंग म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ३० आठवडे. शेवटचे सिटिंग लग्नाच्या महिनाभर आधी संपायला हवे. म्हणजे मेच्या सुरुवातीच्या लग्नासाठी आदल्या सप्टेंबरच्या सुरुवातीला आरंभ करावा. लग्न दोन महिन्यांवर आले असताना सुरुवात करून पूर्ण परिणाम मिळत नाही, आणि डाग पडला तर तो जायला वेळही उरत नाही.

इलेक्ट्रोलिसिस

ही पद्धत लेझरपेक्षा खूप जुनी आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये डोळ्यात टोचणाऱ्या पापणीच्या केसांवर तिचा उपयोग नोंदवला. केसाच्या छिद्रातून सुई मुळापर्यंत सरकवतात आणि वीज सोडतात. गॅल्व्हॅनिक प्रकारात विजेमुळे मुळाशी क्षार तयार होतो आणि मूळ नष्ट होते, थर्मोलिसिसमध्ये उष्णतेने, ब्लेंडमध्ये दोन्ही मिळून. नंतर चिमट्याने केस अलगद निघायला हवा. ओढून काढावा लागला तर मूळ मेलेले नाही.

केसाचा किंवा त्वचेचा रंग कोणताही असो, ही पद्धत चालते. एकेक केस घ्यावा लागतो, ही तिची मर्यादा. पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंतची सिटिंग लागतात. हनुवटीसारख्या छोट्या भागालाही वर्षभर किंवा जास्त जाऊ शकते. केस पकडता यावा म्हणून तो काही मिलिमीटर वाढू द्यावा लागतो. चेहऱ्यावर खुंट घेऊन वावरायला संकोच वाटत असेल, तर भेट सुट्टीला जोडून घ्यावी.

- प्रत्येक वेळी नवी, निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढायला सांगा. सुई दुसऱ्यावर वापरलेली असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो.
- पेसमेकर बसवलेला असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपचार घेऊ नका.
- शेजारशेजारचे केस एकाच दिवशी दाट जाळू देऊ नका. खपल्या धरतात आणि खड्डे किंवा काळे डाग राहू शकतात.
- खपली खरवडू नका. ती आपोआप पडू द्या.

इलेक्ट्रोलिसिसमध्ये हात बसलेली माणसे थोडी असतात. बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरहून आणखी लांब. महिन्यातून दोन-तीनदा जावे लागणार असेल, तर प्रवासाचा खर्च आणि बुडणारी रोजंदारी आधीच हिशेबात धरावी.

धोके

भाजणे, काळे डाग आणि कधी पांढरे डाग हे लेझरचे मुख्य धोके. काळे डाग बहुधा काही महिन्यांत फिकट होतात. पांढरे डाग जायला जास्त वेळ लागतो आणि काही राहतातही. काही जणींच्या गालावर, जबड्यावर किंवा मानेवर लेझरनंतर केस उलट जास्त येतात. सावळ्या त्वचेच्या आणि पीसीओएस असलेल्या स्त्रियांत हे अधिक आढळते. दोन-तीन सिटिंगनंतर असे दिसले, तर ‘अजून चार घ्या’ या सल्ल्यावर न जाता थांबावे आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

- मशीन कोण चालवणार? डॉक्टर जागेवर हजर असतील का?
- डॉक्टरांची पदवी कोणती? एमडी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल या त्वचारोगातील पदव्या व पदविका आहेत. काही आठवड्यांचा कॉस्मेटॉलॉजीचा वर्ग त्यांच्या तोडीचा नाही.
- मशीन डायोड आहे, एनडी-याग की आयपीएल?
- दर एका सिटिंगचा की पूर्ण पॅकेजचा? कर, क्रीम, चाचणी त्यात धरली आहे का?
- सिटिंग वाढली तर दर काय? मध्येच सोडले तर पैसे परत मिळतात का? हे लेखी मिळेल का?

‘शंभर टक्के कायमचे’, ‘तीन सिटिंगमध्ये साफ’, ‘अजिबात दुखत नाही’ असे सांगणाऱ्या ठिकाणापासून सावध राहावे. संपूर्ण पॅकेजची रक्कम एकदम भरण्यापेक्षा सिटिंगगणिक पैसे द्यावेत. हप्त्यांवर कर्ज काढून तर मुळीच घेऊ नये. दुकान बंद झाले तरी हप्ते सुरूच राहतात. सौंदर्योपचार सहसा आरोग्य विम्यात बसत नाहीत, हेही धरून चालावे.

तुमचे हक्क आणि तक्रारीची वाट

- संमतिपत्र समजेल अशा भाषेत वाचून मगच सही करा. बिकिनी भागाच्या उपचारात स्त्री मदतनीस मागण्याचा अधिकार आहे. तुमचे फोटो परवानगीशिवाय जाहिरातीत वापरता येत नाहीत.
- डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर असायला हवा. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात.
- नोंदणीकृत डॉक्टरांच्या निष्काळजीपणाची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते.
- डॉक्टर असो वा पार्लर, पैसे देऊन घेतलेल्या सेवेत दोष राहिला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. क्लिनिक मुंबईत असले तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बारामती-इंदापूरकरांना पुण्यात, तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या सेवेसाठी शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही.
- सुरुवातीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.
- तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यातील कलम १५ मध्ये शासनाने विमा योजनेतून भागवायच्या उपचारखर्चात संप्रेरक उपचारांबरोबर लेझर उपचारांचाही उल्लेख आहे. ओळखपत्र असलेल्यांनी रुग्णालयाच्या योजना कक्षात याबद्दल विचारावे.

तक्रारीसाठी पावत्या, उपचाराचे कार्ड, संमतिपत्राची प्रत, जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सॲपवरचे संभाषण आणि भाजल्याचे तारखेसह फोटो जपून ठेवा. आधी संबंधित ठिकाणी लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही, तर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाकडून त्वचेच्या स्थितीचा लेखी अभिप्राय घ्या आणि तो जोडून आयोगाकडे अर्ज करा.